ब्लॅक बोमोर

ब्लॅक बोमोर : स्कॉटलंडच्या आयला बेटावरील बोमोर डिस्टिलरीत १९६४ मध्ये गाळलेली आणि १९९३ पासून बाजारात आलेली एक दुर्मीळ सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत केवळ माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूपासून केलेली) व्हिस्की. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत दीर्घकाळ मुरल्यामुळे तिला काळपट तपकिरी, जवळजवळ काकवीसारखा रंग आला. नाव त्यावरूनच पडले. १९६४ हे तिचे ‘व्हिंटेज’; व्हिस्कीच्या संदर्भात या शब्दाचा अर्थ मद्य गाळल्याचे वर्ष. वाइनप्रमाणे पिकाच्या हंगामाशी त्याचा संबंध नसतो.

आयला (मूळ स्पेलिंग पाहून केला जाणारा ‘इस्ले’ हा उच्चार चुकीचा) हे इनर हेब्रिडीझ द्वीपसमूहातील दक्षिणेकडचे बेट असून क्षेत्रफळ सुमारे ६२० चौ.किमी., तर वस्ती तीन हजारांच्या आसपास आहे. मध्ययुगात ‘लॉर्ड ऑफ द आइल्स’ या सत्तेचे पीठ येथील फिनलॅगन येथे होते. मद्य गाळण्याची विद्या बेटावर कशी आली याबद्दल मतभेद आहेत. एका प्रचलित मतानुसार, १३०० च्या सुमारास आंगस ओग या सरदाराशी विवाह झालेल्या आयरिश राजकन्येबरोबर बीटन (गेलिक मॅकबेहा) हे वैद्यघराणे येथे आले आणि त्यांच्याबरोबर ऊर्ध्वपातनाची विद्याही आली. बीटन हे वंशपरंपरागत वैद्य होते आणि वैद्यकातील अरबी-लॅटिन ग्रंथपरंपरेशी परिचित होते, याला पुरावा आहे. मात्र आयलावर त्यांनी धान्याचे मद्य गाळल्याचा समकालीन लेखी उल्लेख दाखवला जात नाही. स्कॉटलंडमधील सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा उल्लेख १४९४ चा, राजकोशाच्या हिशेबातील आहे : फ्रायर जॉन कॉर याला ‘ॲक्वा व्हिटे’ (शब्दशः जीवनजल, म्हणजे गाळलेले मद्य) करण्यासाठी आठ बोल (धान्याचे जुने माप) माल्ट. या भिक्षूचा संबंध सहसा मुख्य भूमीवरील फाइफमधील लिंडोर्स मठाशी जोडतात. जेम्स चौथा या राजाने नुकतीच पश्चिमेकडील बेटांवर मोहीम केली होती, म्हणून त्या नोंदीमागेही आयलाच असावे, असे बेटाचे अभिमानी मानतात. त्यापेक्षा, उत्तर आयर्लंडचा किनारा येथून जेमतेम ४० किमी. असल्याने ही विद्या एका घराण्याकडून नव्हे, तर नित्याच्या दळणवळणातून आली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

बेटाची मालकी शॉफील्डच्या कॅम्बेल घराण्याकडे कशी गेली, ही हकीकत मनोरंजक आहे. १७२५ मध्ये माल्टवरील कराविरुद्ध ग्लासगोत दंगल झाली. करास पाठिंबा दिल्याचा संशय असलेल्या डॅनियल कॅम्बेल या खासदाराचा वाडा जमावाने लुटला. त्याला भरपाई मिळाली आणि १७२६ मध्ये त्याने आयला विकत घेतले. पुढे व्हिस्कीसाठीच ख्यात झालेले बेट माल्टच्या करापायी हस्तांतरित व्हावे, हा योगायोगच. त्याचा नातू धाकटा डॅनियल याने १७६८ च्या सुमारास बोमोर हे आखीव गाव लॉख इंडाल या खाडीकाठी वसवले. तेथील वर्तुळाकार चर्च १७६७ चे. सैतानाला लपायला कोपरा उरू नये म्हणून ते गोल बांधले, ही आख्यायिका प्रवासवर्णनांत हटकून येते. गावाच्या नावाचा अर्थ ‘मोठा खडक’ किंवा ‘मोठे वळण’ असा दोन प्रकारे लावला जातो.

डिस्टिलरी आपले स्थापनावर्ष १७७९ सांगते आणि संस्थापक म्हणून सिम्सन (किंवा सिम्पसन) हे आडनाव येते. परवान्याच्या ज्ञात नोंदी मात्र त्या मानाने उशिराच्या, १८१६ च्या सुमाराच्या आहेत. आयलावर १८ व्या शतकाच्या अखेरीपर्यंत अबकारी अंमलदारच नव्हता, हे लक्षात घेता विनापरवाना गाळप आधीपासून चालू असणे अगदी शक्य आहे. तेव्हा १७७९ हे परंपरेचे वर्ष मानणे बरे. १८३७ मध्ये मटर कुटुंबाने आणि १९६३ मध्ये स्टॅन्ली मॉरिसन यांच्या कंपनीने ती घेतली. १९९४ पासून ती जपानच्या सन्टोरीकडे आहे.

या व्हिस्कीसाठीचे मद्य ५ नोव्हेंबर १९६४ रोजी गाळले, असे कंपनी सांगते. त्याच सुमारास कोळशाच्या भट्टीऐवजी मद्य गाळण्याची वाफेवर चालणारी भांडी आली होती. चवीचे श्रेय काही जण या बदलाला देतात, काही जण लॅगन नदीच्या, पीटमधून (दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींच्या थरांतून) झिरपणाऱ्या पाण्याला, तर काही जण समुद्रसपाटीखालच्या ‘नंबर वन व्हॉल्ट्स’ या कोठाराच्या दमट हवेला. निर्णायक घटक ओलोरोसो (शेरीचा एक गडद प्रकार) शेरीची पिंपे हाच दिसतो. त्या काळी शेरी पिंपांतून ब्रिटनला येई व रिकामी पिंपे डिस्टिलऱ्यांना स्वस्तात मिळत; १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद होऊ लागल्यावर हा पुरवठा आटला. पडताळाही उपलब्ध आहे. १९६४ च्याच मद्यातील काही भाग बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपांत होता. तो २००८ मध्ये ‘व्हाइट बोमोर’ म्हणून निघाला आणि रंगाने फिकट सोनेरी होता. १९६० च्या दशकातील बोमोरमध्ये आंबा, पपई यांसारख्या फळांचा गंध जाणकार वर्णन करतात. त्याच्या कारणाबद्दल एकमत नाही.

पहिल्या तीन आवृत्त्या अशा : १९९३ (२९ वर्षे, २,००० बाटल्या), १९९४ (३० वर्षे, २,०००) आणि १९९५ (३१ वर्षे, १,८१२). पहिल्या दोहोंत मद्यार्क ५० टक्के होता, तिसरीत ४९. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते, त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. (गोव्यात मुरणाऱ्या सिंगल माल्टमध्ये हेच प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून तेथे अशी दीर्घ मुरवण शक्य नाही.) स्कॉटलंडमधील थंड, दमट कोठारात पाण्यापेक्षा मद्यार्क अधिक उडतो. ४० टक्क्यांखाली गेलेल्या मद्याला कायद्याने ‘स्कॉच’ म्हणता येत नसल्याने अतिवृद्ध पिंपांना ही सीमा असते. २००७ मधील ४२ वर्षांची आवृत्ती (८२७ बाटल्या) ४०.५ टक्क्यांची होती, म्हणजे अगदी काठावरची. २०१६ मधील ५० वर्षांची (१५९ बाटल्या) मात्र ४१ टक्के भरली.

१९९३ मध्ये बाटली शंभर पौंडांच्या आसपास मिळे. आता लिलावात हजारो पौंड पडतात. २०२० मध्ये याच मद्याच्या काही बाटल्या अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ मोटारीच्या पिस्टनमध्ये बसवून विक्रीस आल्या.