चर्चच्या हॉलमधली मीटिंग म्हणजे धर्मांतर?

दारू सोडण्यासाठीच्या ‘एए’, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगबद्दल आपल्याकडे वर्षानुवर्षं एक समज फिरतोय: ‘तिकडे चर्चमध्ये नेतात, मग हळूहळू बाटवतात.’

जागेपुरतं खरं आहे. मुंबईत बऱ्याच मीटिंगा चर्चच्या हॉलमध्ये भरतात, तशा शाळांच्या वर्गांतही भरतात. कारण साधं आहे, संध्याकाळी तासदीड तास स्वस्तात मिळणारी खोली! गट भाडं सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भरतो आणि बाहेरची देणगी घेत नाही. एए 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी सुरू केलं (त्यातला एक चक्क सर्जन). एएच्या ‘बारा पायऱ्यां’मध्ये, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या बारा टप्प्यांमध्ये, देवाचा उल्लेख आहे, हे लपवायचं कारण नाही. पण पुढेच ‘आपल्याला उमगलेला’ असं म्हटलंय. तो विठोबा असो, नाहीतर समोर बसलेला गट. सभासदत्वाची अट एकच: दारू सोडायची इच्छा. फी नाही, आडनाव सांगायची सक्ती नाही.

जवळची मीटिंग एएच्या संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर कळते. भाषा आणि वेळ आधी विचारा. मीटिंग ‘खुली’ असेल तर घरचेही बसू शकतात. ‘बंद’ मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ नावाचे वेगळे गट आहेत.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना गाठावं. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. ते काम मीटिंगचं नाही.