टर्बो नवा, धूर जुनाच

मागून निळा धूर, पिकअप पडलेला आणि इंटरकूलरचा (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप काढला तर आत तेल. गॅरेज इंदूरच्या देवास नाक्यावरचे असो की महूचे, मिस्त्रीचे निदान ठरलेले असते: "साहब, टर्बो बैठ गया." पाच आकडी बिल होते, नवा टर्बो लागतो आणि काही आठवड्यांत धूर पुन्हा सुरू. मग माल डुप्लिकेट होता म्हणून दुकानदाराशी भांडण. टर्बो तेल अडवतो कसा, हे ठाऊक असते तर त्यातली बरीच भांडणे झालीच नसती.

टर्बोत इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. छोट्या गाडीत हे चक्र साधारण ४० मिमी व्यासाचे असते आणि मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जाते. हिशेब केला तर चक्राची कड सेकंदाला ४०० मीटरहून जास्त वेगाने पळते. आवाजाला ती मागे टाकते. इतक्या वेगात धातूवर धातू घासला तर काही क्षणांत खेळ खलास. म्हणून बहुतेक टर्बोंत शाफ्ट पितळी बुशात आणि बुश हाउसिंगमध्ये, असे दोन्ही तेलाच्या थरावर तरंगत ठेवलेले असतात. इंजिन बंद असताना चक्र बोटाने वर-खाली केले की थोडे हलणारच. "प्ले आलाय" म्हणत याच हलण्यावरून चांगले टर्बो भंगारात काढले जातात. चक्र शाफ्टच्या दिशेने आत-बाहेर ढकलून पाहा. तिथे हाताला टकटक जाणवली, किंवा पाती हाउसिंगला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो खरोखर गेला.

आता तेलाचे. धुराच्या बाजूला पेट्रोल गाडीत तापमान ९०० अंशांच्या पुढे जाते. तिथे रबरी सील टिकणार नाही. त्यामुळे शाफ्टवर पिस्टन रिंगसारखी एक लोखंडी रिंग असते, तीही फट असलेली. ती तेल अडवतच नाही म्हटले तरी चालेल. तेल अडते ते दाबाच्या फरकाने. बारीक पाइपातून दोन-चार बार दाबाने आलेले तेल बुशातून बाहेर पडेपर्यंत आपला दाब घालवून बसते आणि फेसाळत तळाशी गळते. तिथून अंगठ्याएवढ्या जाड परतीच्या पाइपाने ते निव्वळ गुरुत्वाकर्षणावर संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलटाकीत, उतरते. वाटेत पंप नाही. दोन्ही चक्रांच्या मागे वायूचा दाब आतल्यापेक्षा जास्त असल्यामुळे थोडा वायू सतत आत शिरत राहतो आणि तेलाला बाहेरची वाट मिळत नाही. हा तोल उलटला की कोरा करकरीत टर्बोसुद्धा तेल गाळेल.

उलटतो तो तीन वाटांनी. पहिली परतीच्या पाइपाची: आत जळक्या तेलाचा कोळसा साचला, पाइप चेमटला, किंवा गॅस्केटऐवजी लावलेली सिलिकॉन पेस्ट आत फुगून आली, तर तुंबलेल्या मोरीसारखे तेल वर चढते. दुसरी क्रँककेसची, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीची. तिथला वायू बाहेर सोडणारा ब्रीदर चोंदला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या की संपमध्येच दाब वाढतो आणि उतरणाऱ्या तेलाला खालून अडवतो. तिसरी चोंदलेल्या एअर फिल्टरची. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना, बूस्ट (दाबलेल्या हवेचा वाढीव दाब) नसतो, फिल्टरमुळे कंप्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या चक्राच्या) तोंडाशी ओढ निर्माण होते आणि तेल तिकडे खेचले जाते. टर्बो आहे म्हणून भाजी घेऊन घरी आल्यावरही तीन मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचे जे व्रत काही जण पाळतात, ते इथे उलटेच पडते. जामघाट चढून वर लगेच थांबलात तर मिनिटभर आयडल योग्य. राजवाड्याच्या गर्दीतून रांगत आलेला टर्बो आधीच निवलेला असतो.

क्रँककेसचा दाब पाहायला दोन मीटर पारदर्शक नळी पुरते. तिला यू आकार देऊन निम्मे पाणी भरा, एक टोक तेल भरायच्या तोंडावर हवाबंद बसवा, दुसरे मोकळे ठेवा. डिपस्टिकची नळी नको. काही इंजिनांत ती तेलात बुडालेली असते. इंजिन तापवून आयडलला ठेवा. दोन्ही बाजूंचे पाणी जवळपास समान राहिले, किंवा इंजिनाकडे किंचित ओढले गेले, तर ठीक. मोकळ्या बाजूला ते स्पष्ट चढून राहिले, तर आधी ब्रीदर साफ करा आणि पुन्हा पाहा. तरीही पाणी चढलेलेच राहिले तर कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. टर्बोचा नंबर त्यानंतर.

निळा धूर नाही, नुसता पिकअप गेलाय किंवा डिझेल काळा धूर टाकतेय, तर बहुधा हवा कुठेतरी गळते आहे. स्कॅनर लावून इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने तो ९५ किलोपास्कलच्या आसपास येतो. हे बरोबर असून पी०२९९ (बूस्ट कमी पडतोय) कोड येत असेल तर होज तपासा. पाइपांत अर्धा बार हवा भरून जोडांवर साबणाचे पाणी मारले की फट बुडबुड्यांनी कळते. मग बूस्ट आवरणारा ॲक्चुएटर: व्हॅक्यूमचा असेल तर हातपंपाने रॉड ओढला जाऊन तिथेच टिकला पाहिजे.

ऑनलाइन मिळणाऱ्या 'इलेक्ट्रिक टर्बो'च्या प्लास्टिक पंख्याबद्दल एवढेच: दीड लिटरच्या इंजिनाला ४००० फेऱ्यांवर एक बार बूस्ट द्यायला सुमारे ९ किलोवॅट लागतात. १२ व्होल्टवर म्हणजे ७५० अँपिअर. तो पंखा सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालतो.

पार्ट सुधारायचेच असतील तर इंटरकूलरपासून सुरुवात करा. मे महिन्यातली ४० अंशांची हवा दुप्पट दाबली की १३५ अंशांच्या पुढे जाते. साधा सिलिकॉन होज तेलाच्या वाफेने भुसभुशीत होतो, आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेला घ्या. रीमॅपने (इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून) बूस्ट वाढवण्यापूर्वी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचा आणि वॉरंटीचे कागदही.

टर्बो बदलावाच लागला तर तेल, फिल्टर आणि तेल आणणारा बारीक पाइप सोबत बदला. बसवताना तेलाच्या भोकात स्वच्छ तेल ओतून चक्र हाताने फिरवा. इंधन पंपाचा फ्यूज काढून १०-१५ सेकंद स्टार्टर मारा, मगच इंजिन सुरू करा. त्याआधी इंटरकूलर उतरवून धुतलेला असावा. त्यात साचलेले तेल डिझेल इंजिन इंधन म्हणून ओढते आणि किल्ली काढली तरी इंजिन सुसाट पळत राहते. तसे झाले तर ब्रेक घट्ट दाबा, सर्वात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. ऑटोमॅटिक गाडीत हवेच्या तोंडावर जाड लाकडी फळी दाबून धरा. हात किंवा फडके नको, ते आत ओढले जाते.