शंभरातल्या दहा ओळी जातात कुठे?

डेटाबेसमधल्या ग्राहकांच्या टेबलमध्ये 100 ओळी आहेत. शहर = 'पुणे' अशी अट घातली की 60 ओळी येतात, शहर <> 'पुणे' (म्हणजे पुणे सोडून) म्हटलं की 30. बेरीज 90. उरलेल्या 10 ओळी डिलीट झालेल्या नाहीत. त्यांच्या शहराच्या रकान्यात नल आहे.

नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामी स्ट्रिंगही (एकही अक्षर नसलेला मजकूर) नव्हे. (ओरॅकल हा डेटाबेस मात्र रिकामी स्ट्रिंग नलच धरतो. तिथला डेटा पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेताना हे आधी तपासा.) नल म्हणजे 'माहीत नाही'. ज्याचं शहरच माहीत नाही, तो पुण्याचा आहे की नाही हे कसं सांगणार? म्हणून एसक्यूएलमध्ये (डेटाबेसशी बोलायच्या भाषेत) तुलनेची उत्तरं तीन: खरं, खोटं आणि अज्ञात. रिलेशनल डेटाबेसचे जनक एडगर कॉड यांनी 1979च्या निबंधात हा विचार मांडला होता. व्हेअर (जिथे अट लिहितात तो भाग) फक्त 'खरं' ठरलेल्या ओळी पुढे सोडतं. नल = नल हेसुद्धा अज्ञातच, त्यामुळे नल शोधायचा तर 'इज नल' असंच लिहावं लागतं.

सगळ्यात घातक जागा म्हणजे नॉट इन, म्हणजेच 'या यादीत नाही' ही अट. एकदाही ऑर्डर न दिलेले ग्राहक हवेत, म्हणून आपण ऑर्डर टेबलमधले ग्राहक क्रमांक नॉट इनमध्ये देतो. त्यात एक जरी नल असला तरी निकाल येतो शून्य ओळी, आणि एररही येत नाही! ग्राहक क्रमांक 7 घ्या आणि यादी (3, 5, नल). डेटाबेस तपासतो: 7 <> 3 खरं, 7 <> 5 खरं, 7 <> नल अज्ञात. तिन्ही 'अँड'ने जोडले की उत्तर अज्ञात, म्हणजे ओळ गळाली. प्रत्येक ग्राहकाचं हेच होतं. इथे नॉट एक्झिस्ट्स वापरा. ते फक्त जुळणारी ओळ सापडते का एवढंच बघतं.

दोन रकान्यांची तुलना करताना 'दोन्हीकडे नल असेल तर सारखंच समज' असं सांगायचं असेल, तर पोस्टग्रेसमध्ये 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' आहे, मायएसक्यूएलमध्ये <=>.

चेकचं (रकान्यात काय भरता येईल यावरच्या अटीचं) मात्र उलट आहे. चेक फक्त 'खोटं' अडवतो, अज्ञात सोडून देतो. वय >= 18 असा चेक लावलेल्या रकान्यात नल बिनदिक्कत शिरतो. तिथे सोबत नॉट नल ('नल चालणार नाही' ही अट) लावायलाच हवं.