हिरवा सैतान आणि शिळाछाप: पेयांच्या फ्रेंच पोस्टरांची पार्श्वभूमी

काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक हिरवा सैतान बाटलीचं बूच उपसतोय. लिओनेत्तो काप्पिएल्लोचं हे 1906 सालचं पोस्टर बाजारात सर्रास ‘अॅबसिंथ’ या हिरव्या कडक दारूचं म्हणून खपवलं जातं. खरं तर ते ‘मोरँ किना’चं आहे. सिंकोनाची साल घातलेलं हे कडसर पेय जेवणाआधी घ्यायचं असे. हिरवा रंग दिसला की अॅबसिंथ, हा नवख्यांचा पहिला गैरसमज.

सिंकोनाची पेयं आली ती हिवतापामुळे. उत्तर आफ्रिकेतल्या फ्रेंच सैनिकांच्या घशाखाली सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन हे हिवतापावरचं कडू औषध उतरावं म्हणून 1846 मध्ये जोसेफ दुबोनेने ते गोड वाइनमध्ये मुरवलं. पुढे 1860 च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीने द्राक्षवेलींची मुळं पोखरली, वाइन महागली आणि अॅबसिंथचं फावलं. गिऱ्हाइकासाठी झुंजणाऱ्या या कंपन्यांना भिंती हव्या होत्या. त्या 29 जुलै 1881 च्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या कायद्याने मोकळ्या केल्या. पोस्टर लावायला मनाई असलेल्या भिंतींवर आजही याच कायद्याची तारीख रंगवलेली दिसते.

दगडावरून छपाईचं तंत्र तोवर तयार होतं. पोस्टर-चित्रकार ज्यूल शेरे 1866 मध्ये लंडनहून पॅरिसला परतला आणि मोजक्या दगडांतून भरगच्च रंग काढू लागला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यावर उलटं चित्र आणि प्रत्येक रंगासाठी तोच कागद पुन्हा दाबाखाली. आपल्याकडची शिळाछाप ती हीच. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेला रविवर्मा प्रेसही याच तंत्रावर चाले.

संग्राहक लगेच मागे लागले. लेखक ऑक्ताव्ह उझानने 1891 मध्ये या वेडाला ‘आफिशोमानी’ (पोस्टरवेड) असं नावच दिलं. काहीजण खळ ओली असतानाच पोस्टर भिंतीवरून सोलून नेत. आज हाती येतात ती मात्र बहुतेक कधीच न चिकटवलेली, छापखान्यात किंवा विक्रेत्याकडे पडून राहिलेली. 1895 ते 1900 दरम्यान निघालेल्या ‘ले मेत्र द लाफिश’ या मालिकेत 256 पोस्टरांच्या छोट्या आवृत्त्या आल्या, साधारण 29 × 40 सेंमीच्या, कोपऱ्यात उठावाचा शिक्का असलेल्या. त्याही अस्सल शिळाछापच, पण भिंतीवरच्या पोस्टराची किंमत त्यांना देऊ नये.

मार्च 1915 मध्ये फ्रान्सने अॅबसिंथवर बंदी घातली आणि तिची पोस्टरं निरुपयोगी झाली. सिंकोनावाले टिकले. 1932 मध्ये पोस्टर-चित्रकार कासांद्रने दुबोनेसाठी एकच माणूस तीनदा काढला. पेय पोटात जातं तसा माणूस रंगाने भरतो आणि खाली अक्षरं भरत जातात: दुबो, दुबों, दुबोने. फ्रेंच कानाला पहिल्या दोहोंत ‘सुंदर’ आणि ‘छान’ ऐकू येतं.

अस्सल ओळखायला दहापट भिंग पुरतं. शिळाछापीत दगडाचा ओबडधोबड, अनियमित रवा दिसतो. ठिपके शिस्तीत रांगेने दिसले तर ती ऑफसेटची नक्कल. मग माप घ्यावं. काप्पिएल्लोची बरीच पोस्टरं सुमारे 120 × 160 सेंमीची आहेत. तेच चित्र 50 × 70 मध्ये मिळालं तर शंका घ्यावी. घड्यांच्या खुणांना मात्र घाबरू नये, मोठी पोस्टरं घडी घालूनच ठेवली जात.

लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून त्याला कापडाचं अस्तर लावतात: ताणलेलं सुती कापड, त्यावर आम्लरहित कागद, त्यावर ओलसर केलेलं पोस्टर, सगळं गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. आधी प्रत्येक रंगाच्या एका कोपऱ्याला ओला कापूस टेकवून पाहावा. काही लाल शाया ओल लागताच पसरतात. घाईने वाळवलं तर कागद आकसून घड्यांवर चिरतो. उष्णतेने चिकटणारं अस्तर सहजी निघत नाही, ते टाळावं. खळीमागे कसर येते, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बुरशीही. म्हणून फ्रेम बाहेरच्या भिंतीला लावू नये, आणि काच व कागद यांच्यात फट ठेवावी.