किक ड्रम आणि चार बोटांचं अंतर

किक ड्रम म्हणजे ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम. त्याच्या पुढच्या कातड्याला बहुतेकदा एक भोक असतं, साधारण चार-पाच इंचांचं. माइक धरलेला हात त्यातून जेमतेम आत जातो. रेकॉर्डिंगच्या दिवशी माझा पहिला अर्धा-पाऊण तास या भोकासमोर गुडघ्यांवर बसूनच जातो. ड्रमर पायाने ठोके देत राहतो, आणि मी हेडफोन लावून माइक चार बोटं आत, चार बोटं बाहेर असा सरकवत राहतो. नव्याने या कामाला लागलेली मुलं विचारतात, "कोणता माइक घेऊ?" मी सांगतो, हाताशी आहे तो घ्या आणि आधी सरकवून बघा. चार बोटं सरकवल्यावर आवाजात जो फरक पडतो, तो महागडा माइक आणूनही पुष्कळदा पडत नाही.

असं का होतं? मुळात किकचा आवाज हा एक आवाज नव्हेच. २२ इंची ड्रमचा खर्ज साधारण ५० ते ८० हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) आसपास असतो. ध्वनी हवेतून सेकंदाला ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने ६० हर्ट्झची एक लाट जवळजवळ पावणेसहा मीटर लांब भरते. ती ड्रममध्ये तर नाहीच, लहान खोलीतही धड मावत नाही. याउलट बीटर (पायाच्या पेडलला जोडलेला, ठोका देणारा गोळा) कातड्यावर आपटतो तेव्हाची 'टक' ३००० हर्ट्झच्या आसपास असते आणि तिची लाट साडेअकरा सेंटिमीटरची, म्हणजे तळहाताहून थोडी मोठी. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला ६० हर्ट्झ वाजवता येत नाही. तरीही गाण्यातला किक मोबाइलवर कळतो, तो बराचसा या टकेमुळे.

माइक बीटरच्या थेट समोर, कातड्यापासून दोन-तीन इंचांवर धरला की टक धारदार येते. तोच तिरका करून ड्रमच्या भिंतीकडे वळवला की टक बोथट होते आणि कातड्याचा घुमारा वर येतो. या घुमाऱ्याची एक गंमत आहे. सगळीकडे सारख्या जाडीच्या गोल कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येत नाहीत. ते १.५९, २.१४, २.३० अशा अडनिड्या पटींत येतात, म्हणून साध्या ड्रममधून नेमका सूर निघत नाही. तबल्याची शाई हाच हिशेब जुळवून आणते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिलं होतं. किकला शाई नसते, पण बीटर जवळजवळ मध्यावर बसतो, आणि मध्यावरच्या ठोक्याने यातले काही उपस्वर जागेच होत नाहीत. म्हणून किकचा आवाज स्नेअरपेक्षा (काठ्यांनी वाजवायच्या लहान ड्रमपेक्षा) गोळीबंद लागतो. ठोका जोराचा असला तर कातडं क्षणभर जास्त ताणलं जातं, स्वर किंचित चढा सुरू होतो आणि खाली घसरतो. 'धूम'मधला तो झोल इथून येतो.

आता खर्जाकडे येऊ. लाट इतकी लांब असेल, तर चार बोटांनी खर्जात फरक पडायला नको. पण पडतो, आणि चांगला पडतो. त्याचं कारण माइकच्या पोटात आहे. एकाच दिशेचं ऐकणारा माइक पडद्याच्या पुढचा आणि मागचा दाब यांतला फरक मोजतो. लांबून येणाऱ्या खर्जाच्या बाबतीत हा फरक अगदी थोडा असतो, म्हणून माइक बनवतानाच खर्जाला जादा वाव दिलेला असतो. मात्र उगम दोन-तीन इंचांवर असला, की पुढची बाजू मागच्यापेक्षा नुसत्या जवळिकीमुळेच जास्त दाब झेलते. आधीच वाव दिलेल्या खर्जात ही भर पडते आणि तो फुगतो. चारी बाजूंचं ऐकणाऱ्या माइकमध्ये हे घडत नाही.

हे सगळं आज सवयीचं झालं आहे. पूर्वी लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत किकच्या दोन फुटांच्या आत माइक न्यायचा नाही, असा नियम होता. हवेच्या दणक्याने माइक बिघडेल ही धास्ती. १९६६ मध्ये बीटल्सच्या रेकॉर्डिंगला बसलेल्या २० वर्षांच्या जेफ एमरिक या ध्वनिमुद्रकाने एकेजीचा डी-२० माइक ड्रमर रिंगो स्टारच्या किकच्या अगदी जवळ नेला. घुमारा आवरायला ड्रममध्ये एक लोकरी स्वेटर कोंबला, चार गळ्यांचा, चौघांनी एका फोटोसाठी घातलेला. ड्रममध्ये आज आपण उशी ठेवतो ती याच कारणासाठी. उशी कातड्याला नुसती टेकावी, दाबू नये. दाबली की ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजतो.

धास्ती अगदीच खोटी नव्हती. भोकाच्या बरोबर मध्ये माइक ठेवला तर प्रत्येक ठोक्याला आतली हवा भसकन त्याच्या तोंडावर येते आणि ट्रॅकवर फुरफुर उमटते. म्हणून एक तर पूर्ण आत, नाही तर भोकाच्या कडेला.

माइकच्या निवडीबद्दल थोडक्यात. एकेजी डी-११२ किंवा शुअर बीटा ५२ए हे डायनॅमिक माइक किकसाठीच घडवलेले आहेत. त्यांच्यात खर्ज आणि टक आधीच उचललेली असते. मला बाहेर एक-दोन फुटांवर ठेवलेला कंडेन्सर माइकही (विजेवर चालणारा, जास्त संवेदनशील) आवडतो, पण त्यासाठी खोली चांगली हवी. सगळ्यांत सुंदर युक्ती मात्र स्पीकरची. डायनॅमिक माइक आणि स्पीकर यांची रचना मुळात एकच, चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी. यामाहा एनएस-१० या स्टुडिओ स्पीकरचा वूफर (खर्ज वाजवणारा भाग) उलटा जोडून किकसमोर टांगला, की तो माइक होतो. त्याचा जड कागदी कोन टकेला दाद देत नाही, खर्जावरच डोलतो.

दोन माइक आले की मोठी चूक होण्याची जागा तयार होते. एकदा सगळं रेकॉर्ड करून घरी आलो आणि मिक्सला (सगळे माइक एकत्र जुळवायला) बसलो, तर किक एकटा भरघोस वाजत होता, पण ओव्हरहेड (ड्रमसेटच्या वर टांगलेले) माइक उघडले की पोकळ. ओव्हरहेड किकच्या माइकपेक्षा सुमारे १.७ मीटर लांब होते. आवाज तिथे ५ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि १०० हर्ट्झच्या लाटेला तेवढ्यात बरोबर अर्धा हेलकावा होतो. एकीकडे लाट वर, दुसरीकडे खाली, की दोघी एकमेकींना खातात. त्यातून बीटर कातडं ड्रमरपासून दूर ढकलतो, त्यामुळे समोरच्या माइकला दाब मिळतो तेव्हा ड्रमरच्या बाजूला ओढ असते, म्हणजे तिकडच्या माइकवर लाट उलटी उमटते.

तेव्हापासून रेकॉर्डिंगच्या आधीच सगळे माइक एकत्र उघडतो, फेज (लाटेचं वर-खाली) उलटं करायचं बटण एकदा दाबून, एकदा सोडून ऐकतो आणि ज्यात पोटात जास्त जाणवतं ते ठेवतो. मग माइक दोन-चार सेंटिमीटर हलवून पुन्हा ऐकतो. जागा सापडली की स्टँडच्या पायांभोवती फरशीवर टेप चिकटवतो. जेवणाच्या सुट्टीत कुणाचा तरी पाय लागतोच.