सात बायांची ओळ: साती आसरा की सप्तमातृका?

ओढ्याकाठी शेंदूर फासलेले सात तांदळे, म्हणजे देव मानलेले बिनघडणीचे दगड, दिसले की कुणीतरी त्यांना 'सप्तमातृका' म्हणून टाकते. उलट, बारवेच्या कोनाड्यातल्या कोरीव मातृकापटाला, म्हणजे एका दगडावर ओळीने कोरलेल्या मातृकांना, गावात बिनदिक्कत 'साती आसरा' म्हणतात. आकडा सातच, दोन्हीकडे बायाच, म्हणून घोळ होतो.

आसरा म्हणजे इथे आश्रय नव्हे. संस्कृत अप्सरा, प्राकृत अच्छरा, मराठी आसरा असा हा शब्द आला. या पाण्यातल्या बाया: डोह, विहीर, नदीचे वळण ही त्यांची जागा. त्यांची नावे पोथीत सापडतात, मत्सी, कूर्मी, दर्दुरी, मकरी अशी. म्हणजे मासळी, कासव, बेडूक, मगर. गावात मात्र ती नावे कुणी घेत नाही, 'साती आसरा' किंवा मावळात 'मावलाया' एवढेच. मूर्ती लागत नाही, सात दगड पुरतात. शेजारी आठवा दगड असला तर तो बहुधा राखणदार म्हसोबा, त्यामुळे 'आठ आहेत, म्हणजे आसरा नाहीत' हा हिशोब चुकतो. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, नारळ, दहीभात हा त्यांचा मान. भर दुपारी पाणवठ्यावर एकट्या गेलेल्या बाईला किंवा बाळंतिणीला आसरा 'लागतात' अशी समजूत आहे. घरच्या देव्हाऱ्यात त्या टाकावर येतात: पत्र्यावर उठवलेल्या, ओळीने उभ्या सात बाया.

सप्तमातृका पाण्याच्या नव्हेत, त्या देवांच्या शक्ती. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी, चामुंडा. देवीमाहात्म्यात त्या शुंभ-निशुंभांच्या सैन्याशी लढतात. त्यांना राजाश्रय होता. बदामीचे चालुक्य आपल्या लेखांत स्वतःला सप्तमातृकांनी वाढवलेले म्हणवतात. वेरूळच्या 14 आणि 21 क्रमांकाच्या लेण्यांत त्यांचे पट आहेत. पटात त्या बहुधा बसलेल्या असतात, पुष्कळदा मांडीवर मूल आणि खाली वाहन असते: हंस, नंदी, मोर, गरुड, हत्ती. ओळीच्या एका टोकाला वीणाधारी वीरभद्र, दुसऱ्याला गणपती.

झिजलेल्या दगडावर चेहरे आणि आयुधे आधी जातात, म्हणून ती शोधत बसू नये. तीन खुणा शेवटपर्यंत टिकतात. वाराहीचे पुढे आलेले डुकराचे तोंड, चामुंडेचा बरगड्या दिसणारा सुकलेला देह, आणि टोकाच्या गणपतीचे पोट. यांतली एक जरी सापडली तरी पट मातृकांचा. एकही नसेल, सगळ्या सारख्या उभ्या असतील आणि जागा पाण्याची असेल, तर आसरा धरायला हरकत नाही. शेंदराचे थर जाड असले तर सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात बघा, उंचवटे उठून दिसतात. खरवडू मात्र नका. शेंदराबरोबर झिजलेल्या दगडाचा वरचा पापुद्रा निघतो, आणि ज्या घरची ओटी तिथे भरली जाते त्यांच्या देवाला हात लावल्यासारखे होते.

दोन्ही एकाच जागी आल्या तर? मंदिर पडले, पट विहिरीपाशी आणून ठेवला, आणि पाण्याजवळच्या सात बाया म्हणून बायका त्याला दहीभात ठेवू लागल्या, असे होऊ शकते. तेव्हा गावाला 'तुमचे चुकते' म्हणणे हीच चूक. नोंदीत दोन ओळी लिहाव्यात: शिल्प सप्तमातृकांचे, पूजा आसरांची.