एलएनजी आयात टर्मिनल

जहाजाने आलेला द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी, उतरवून घेणारे, साठवणारे आणि पुन्हा वायुरूप करून पाइपलाइनीत सोडणारे किनाऱ्यावरील केंद्र. मुख्यतः मिथेन असलेला हा वायू उणे १६२° से.पर्यंत थंड केला की द्रव होतो आणि त्याचे आकारमान मूळच्या सुमारे १/६०० उरते. म्हणूनच तो समुद्रमार्गे आणणे परवडते. भारतातील पहिले टर्मिनल २००४ मध्ये गुजरातेत दहेज येथे सुरू झाले.

जहाज जेट्टीला लागले की सांधेदार नळ्यांचे ‘आर्म’ त्याला जोडले जातात. जहाजावरचेच पंप द्रव किनाऱ्याकडे ढकलतात. एक आर्म मात्र उलट दिशेने वायू जहाजात परत नेतो. तसे न केल्यास रिकाम्या होत जाणाऱ्या टाक्यांमधील दाब घसरेल.

किनाऱ्यावरच्या आधुनिक टाकीला दोन भिंती असतात. आतली ९ टक्के निकेलयुक्त पोलादाची, कारण साधे पोलाद इतक्या थंडीत ठिसूळ होते. बाहेरची पूर्वप्रतिबलित, म्हणजे आतल्या पोलादी तारा ताणून आधीच दाबाखाली ठेवलेल्या, काँक्रीटची. मधल्या पोकळीत पर्लाइट, म्हणजे उष्णता रोखणारे हलके खनिज, भरलेले असते. गळतीचा धोका टाळण्यासाठी अशा टाकीच्या बाजूला एकही छिद्र ठेवत नाहीत. पंपसुद्धा छतातून आत सोडलेले, द्रवात बुडालेले असतात.

टाकीत शीतयंत्रणा नसते. उष्णता रोखण्याचे काम आवरणाचे, तरी थोडी आत शिरतेच आणि द्रव सतत किंचित उकळत राहतो. हा वायू कॉम्प्रेसरने ओढून बाहेर पाठवायच्या थंड द्रवात पुन्हा विरवला जातो. टर्मिनलच्या कामकाजाचा कस लागतो तो इथेच. जहाजातला द्रव उतरवला जात असताना वायू जास्त सुटतो, आणि तो विरवण्याइतका द्रव बाहेर जात नसेल तर शेवटी फ्लेअरवर, म्हणजे नको असलेला वायू जाळणाऱ्या उंच चिमणीवर, जाळावा लागतो.

पाइपलाइनीला लागणारा दाब वायुरूप होण्याआधीच, द्रवावर दिला जातो. द्रव दाबाखाली पंप करायला वायू दाबण्यापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा लागते. नंतर व्हेपोरायझरमध्ये समुद्राचे पाणी, हवा किंवा जळणाची उष्णता वापरून त्याचा वायू करतात व मोजून पुढे सोडतात.

महाराष्ट्रातील दाभोळ टर्मिनल मुळात एन्रॉनच्या वीजप्रकल्पाचा भाग म्हणून आखले गेले. नाव दाभोळचे असले, तरी जागा वाशिष्ठीच्या मुखाच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यातील अंजनवेल परिसरात आहे. वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि टर्मिनलला पहिले जहाज थेट २०१३ मध्ये लागले. आराखड्यातील क्षमता वर्षाला ५० लाख टन. पण लाटा अडवणारा ब्रेकवॉटर अपुरा राहिल्याने पुढची अनेक वर्षे पावसाळ्यात जहाजे घेता येत नव्हती. लाटांमुळे हलणाऱ्या जहाजाला आर्म जोडून ठेवणे धोक्याचे, त्यामुळे टाक्या, पंप, व्हेपोरायझर सज्ज असूनही क्षमतेचा मोठा भाग वाया जात राहिला. इथला वायू पाइपलाइनीने एकीकडे पनवेलला आणि दुसरीकडे बेंगळुरूपर्यंत जातो.